परक्या भूमीतील वीस वर्षे : बेगम हजरत महल

भंडारा जिल्ह्यातील आमच्या मशिदीत इशाच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, ‘‘मौलाना, देश सोडून दुसरीकडे राहायला जायचे तर शरीअत काय सांगते?’’ त्याच्या मनात नोकरी, कागदपत्रे आणि प्रवासखर्च यांची चिंता होती. त्या रात्री त्याला थोडक्यात उत्तर दिले. परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर एखाद्या फतव्यापेक्षा एखाद्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसते. म्हणून आज बेगम हजरत महल यांचे चरित्र वाचकांसमोर ठेवीत आहे.

फैजाबादच्या सामान्य घरातील मुहम्मदी खानम अवधच्या राजवाड्यात आल्या आणि नवाब वाजिद अली शाह यांच्या बेगम झाल्या. त्यांच्या पोटी बिरजिस कद्र यांचा जन्म झाला. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले. नवाबांची रवानगी कलकत्त्याला झाली. बेगम मात्र लखनौतच राहिल्या. १८५७ चा उठाव पेटला तेव्हा जुलै महिन्यात अल्पवयीन बिरजिस कद्र यांना गादीवर बसवून राज्यकारभार व युद्ध या दोहोंचा भार त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले. बेगम बहराइचकडील बौंडीच्या किल्ल्यात गेल्या आणि तेथून लढत राहिल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला, तेव्हा त्यातील आश्वासनांवर विश्वास का ठेवू नये हे सांगणारा आपला जाहीरनामा त्यांनी प्रसिद्ध केला.

त्या हिवाळ्यात इंग्रज फौजांनी त्यांना उत्तरेकडे रेटीत नेले. मागे शत्रू आणि पुढे नेपाळची सरहद्द अशी स्थिती झाली. बेगमांबरोबर हजारो माणसे होती. बिठूरचे नानासाहेब पेशवे, त्यांचे बंधू बाळाराव आणि पेशवे घराण्यातील स्त्रियाही त्याच वाटेवर होत्या. लखनौची बेगम आणि मराठी बोलणारे पेशवे कुटुंब एकाच संकटात एकाच दाराशी उभे होते.

त्या दाराचे मालक होते राणा जंगबहादुर. लखनौ जिंकण्यासाठी इंग्रजांच्या मदतीला गोरखा फौज घेऊन हेच जंगबहादुर आले होते. ज्याच्या सैन्याने आपले शहर घेण्यास हातभार लावला, त्याच्याकडेच आसरा मागणे किती कठीण असेल! तरीही बेगमांनी तो मागितला. आपला मान राखायचा की मुलाचा व आश्रितांचा जीव वाचवायचा, असा तो प्रसंग होता. त्यांनी जीव वाचवणे निवडले. जंगबहादुरांनी आधी नकार दिला, नंतर मात्र राहण्याची अनुमती दिली.

अनुमती मिळेपर्यंतचा काळ सर्वांत जीवघेणा ठरला. सरहद्दीलगतच्या तराईच्या जंगलात हिवतापाचे थैमान असे. नेपाळी लोक त्याला औल म्हणत. मैदानातून आलेल्या माणसाला हा ताप सोडत नसे. अन्न नाही, औषध नाही, छप्पर नाही, अशा स्थितीत कित्येक साथीदार तेथेच मरण पावले. बाळाराव तेथेच गेले आणि नानासाहेबांच्या मृत्यूची वार्ताही तेथूनच आली. तोफांतून वाचलेली माणसे हवापाण्याने नेली. नव्या प्रदेशाचे पाणी, ऋतू आणि रोग यांची माहिती आधी घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याला प्रेषितांनी (स.) दिली आहे.

दुसरा प्रश्न उपजीविकेचा होता. राज्य गेले, महसूल गेला. उरले ते सोबत आणलेले जवाहिर. आश्रय मिळवताना आणि पुढे घर चालवताना तेच कामी आले. पेशवे कुटुंबाच्या दागिन्यांचीही हीच गत झाली. त्यांचा प्रसिद्ध नौलखा हार जंगबहादुरांकडे गेल्याचे सांगितले जाते. निर्वासिताच्या हातातील सोन्याला बाजारभाव मिळत नाही. गरज पाहून किंमत ठरते.

तिसरा प्रश्न कायद्याचा होता. जंगबहादुरांनी १८५४ साली ‘मुलुकी ऐन’ हा कायदा लागू केला होता. त्यात समाजाची उतरंड लिहूनच ठेवली होती आणि मुसलमानांच्या हातचे पाणी वरच्या जातींना चालत नसे. गोवधाला आणि धर्मांतराला बंदी होती. काल ज्यांच्या दरबारात हजारो लोक लवून उभे राहत, त्या बेगम आज अशा व्यवस्थेखाली राहत होत्या. त्यांनी ते सबरने सोसले. आपला दीन सोडला नाही आणि यजमानाच्या भूमीवरून पुन्हा युद्धही उभे केले नाही. ज्याच्या अमानमध्ये आपण राहतो त्याच्याशी केलेला करार पाळणे हे ईमानचे लक्षण आहे.

काठमांडूत मुसलमान अगदीच नव्हते असे नाही. मल्ल राजांच्या काळापासून कश्मिरी व्यापारी तेथे स्थायिक झालेले होते. त्यांच्या वस्तीत हिंदुस्थानातून आलेल्यांची भर पडली आणि बेगमांच्या पुढाकाराने तेथे इबादतीची जागा उभी राहिली. नव्या गावी पोचताच मशीद आणि जमाअत शोधावी, हे आपले वडीलधारे सांगतात त्याचे कारण हेच आहे. एकटा माणूस परक्या देशात लवकर खचतो.

चौथा प्रश्न परतण्याचा होता आणि तोच सर्वांत कठीण होता. इंग्रजांनी परत येऊन पेन्शन घेण्याचा प्रस्ताव ठेवला. कलकत्त्यात वाजिद अली शाह वर्षाला बारा लाखांचे पेन्शन घेत होते. बेगमांनाही आरामाचे आयुष्य मिळाले असते. परंतु ते घेणे म्हणजे अवधवरील मुलाचा हक्क सोडणे आणि अन्यायाला न्याय म्हणून मान्यता देणे होते. त्यांनी नकार दिला. आसऱ्यासाठी हात पसरणाऱ्या बेगमांनी हक्क विकण्यासाठी हात पुढे केला नाही. गरज आणि लाचारी यांतील हा फरक प्रत्येक स्थलांतरिताने लक्षात ठेवावा.

एप्रिल १८७९ मध्ये काठमांडूत त्यांचे निधन झाले. तेथील जामे मशिदीच्या आवारात त्यांची साधी कबर आहे. बिरजिस कद्र पुढे हिंदुस्थानात परतले आणि १८९३ मध्ये कलकत्त्यात वारले. स्वतंत्र भारताने १९६२ साली लखनौतील व्हिक्टोरिया पार्कला बेगमांचे नाव दिले आणि १९८४ साली त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

इस्लामच्या इतिहासातील पहिली हिजरतही शेजारच्या देशातच झाली होती. नबुव्वतच्या पाचव्या वर्षी ह. उस्मान (रजि.) व ह. रुकय्या (रजि.) यांच्यासह एक छोटा काफिला शुऐबा बंदरावर आला आणि अर्धा दीनार भाडे देऊन व्यापारी जहाजांतून हबशाला गेला. तो देश निवडण्याचे कारण तेथील राजाचा न्याय हे होते. कोठे जायचे याचा पहिला निकष तोच आहे.

आज परिस्थिती सोपी झाली आहे. १९५० च्या करारामुळे भारतीयाला नेपाळात राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. पण त्या तरुणाला मी पुढच्या जुम्याला एवढेच सांगितले : निघण्यापूर्वी कर्ज फेड, अमानती परत कर, आईवडिलांची परवानगी घे, ओळखपत्र आणि काही महिन्यांचा खर्च जवळ ठेव, तेथील कायदा व हवामान जाणून घे आणि पोचल्यावर मशीद शोध. मग काहीही विकावे लागले तरी ईमान आणि शब्द विकू नकोस.

अल्लाह तआला घरापासून दूर असलेल्या प्रत्येकाला अमान देवो आणि बेगम हजरत महल यांची मगफिरत करो. आमीन.