संत गाडगे महाराज : खराट्याने धडा देणारा गुरू

सांगली जिल्ह्यातील तासगाव म्हटले की आम्हाला द्राक्षे, बेदाणे आणि तेथील गणपती मंदिराचे उंच गोपूर आठवते. याच तालुक्यातील अंजनी हे कै. आर. आर. पाटील यांचे गाव. सारा महाराष्ट्र त्यांना आबा म्हणून ओळखत असे. राज्याचे ग्रामविकास मंत्री असताना २००० साली त्यांनी गावोगावी स्वच्छतेची स्पर्धा सुरू केली आणि तिला नाव दिले संत गाडगेबाबांचे. त्या अभियानाने गटारे व उकिरडे यांच्याबरोबर शाळेतील लहानग्यांच्या हातांकडेही मोठ्यांचे लक्ष वळवले. अक्षरओळख नसलेल्या एका माणसाचे नाव शाळेपर्यंत कसे पोहोचले, हे जाणण्यासाठी त्यांच्या जीवनाकडे वळावे लागते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी एक विशिष्ट रोग एका विशिष्ट जंतूमुळे होतो हे सिद्ध केले. पुढे १८८४ मध्ये याच कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला. डेबूजींच्या घरी ही वार्ता पोहोचणे शक्यच नव्हते. दारूच्या व्यसनाने वडील अकाली गेले आणि आई सखूबाई मुलाला घेऊन दापुरे येथे भावाच्या आश्रयास आली. डेबू गुरे राखू लागला, पुढे शेतीत राबू लागला. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला दारू व मटणाचे जेवण घालण्याची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण दिले, तेव्हा भाऊबंद नाराज झाले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. या गाडग्यामुळेच त्यांना नाव मिळाले. गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत. लोक प्रथम हसत, वेडा समजत. झाडून झाल्यावरच भाकरी घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसा झाडलेल्या गावाला रात्री ते मनातील घाण दाखवत: अस्पृश्यता, दारू, पशुबळी, सणासाठी काढलेले कर्ज. उपदेश करण्याऐवजी ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. आमच्या मते, लहान मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने बाबांची ही पद्धत अभ्यासावी.

कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर केवळ सांगण्याने कोणाचा विश्वास बसतो? व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्यास लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी अनेक सहकाऱ्यांना ते पटले नाही. शिकल्या-सवरलेल्या डॉक्टरांची ही कथा, मग बालवाडीतील चिमुकल्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्यासाठी सोपा प्रयोग आहे. मुलाच्या तळहातांना थोडे तेल व हळद चोळावी आणि केवळ पाण्याने धुण्यास सांगावे. पिवळेपणा बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला तसाच राहतो. मग साबण लावून, मनात वीसपर्यंत आकडे मोजत चोळून धुवावे. तेलाला धरून राहिलेला रंग साबणाने बराचसा सुटतो, नखांपाशी थोडा उरतो. तेथेच अधिक चोळायचे असते, हे मुलाला आपोआप समजते. (पाण्यावरील मिरपूड साबणाच्या बोटाने पळवण्याचा खेळही मुलांना आवडतो, मात्र जंतू तसे घाबरून पळतात असे सांगू नये, ते हातावरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातात.) शौचानंतर आणि जेवणापूर्वी हे न चुकता व्हायला हवे, कारण अतिसाराने लहान मूल किती लवकर खंगते हे आईबापांना ठाऊक असते.

जत्रा व वारीत पटकी कशी पसरते याचे भीषण अनुभव बाबांच्या काळातील पंढरपूरने घेतले होते. यात्रेकरूंना निवारा मिळावा म्हणून बाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. शिक्षणाविषयी त्यांना विलक्षण ओढ होती. साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा स्नेह जुळला आणि १९५४ मध्ये रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. लाखोंच्या वास्तू उभारणाऱ्या या माणसाने आपल्या कुटुंबासाठी त्यातील एक खोलीही ठेवली नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर वाहनातच त्यांची प्राणज्योत मालवली. आबांचेही १६ फेब्रुवारी २०१५ रोजी निधन झाले. तासगावच्या शाळेत दुपारच्या जेवणाआधी मुले नळापाशी रांगेत उभी राहतात, तेव्हा प्रथम शिक्षकांनी त्यांच्यासमोर स्वतःचे हात धुवावेत, एवढीच आमची विनंती. बाबाही खराटा आधी स्वतः उचलत असत.