गाद्या वाहून आवाज मोजणारा प्रोफेसर

दुकानात ऐकलेला स्पीकरचा बेस एकदम कडक वाटतो. तोच स्पीकर घरी आणून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला की नुसता घुमतो, गाण्याचे शब्द त्यात बुडून जातात. मग तुम्ही इक्वलायझरशी खेळता, शेवटी कंपनीला शिव्या घालता. पण बऱ्याचदा दोषी असते ती तुमची खोली! खोली आवाजाचं काय करते, हे सगळ्यात आधी नीट मोजून दाखवलं ते वॉलेस क्लेमेंट सॅबिन यानं. म्हणून हा माणूस तुम्हाला माहीत हवा.

सॅबिनचा जन्म १८६८चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. अठराव्या वर्षी पदवी घेऊन तो हार्वर्डला आला आणि पुढे तिथंच फिजिक्स शिकवायला लागला. पीएचडी त्यानं कधी केलीच नाही. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉग आर्ट म्युझियमची नवी इमारत उभी राहिली. दिसायला झकास, पण तिच्या लेक्चर हॉलमध्ये एक शब्द कळेल तर शपथ! कारण तिथं उच्चारलेला आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. तेवढ्यात वक्ता पुढचे दहा-बारा शब्द बोलून मोकळा. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम सत्तावीस वर्षांच्या सॅबिनवर सोपवलं. तोवर हॉलचा आवाज चांगला निघणं हा नशिबाचाच भाग समजला जायचा.

सॅबिननं अंदाज बांधत बसण्याऐवजी मोजायला घेतलं. त्याच्याकडे ना माइक होता ना ॲप. एक ऑर्गनची नळी, वेळ टिपणारं यंत्र आणि स्वतःचे कान, एवढंच सामान. दिवसा ट्रामचा खडखडाट, म्हणून काम मध्यरात्रीनंतर. ज्याचा आवाज चांगला मानला जायचा त्या सँडर्स थिएटरमधून तो खुर्च्यांवरच्या गाद्या आणायचा, थोड्या थोड्या मांडत जायचा आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते टिपायचा. सगळ्या गाद्या आत आल्यावर साडेपाच सेकंदांचे १.१४ सेकंद झाले.

एकदा लक्षात आलं, की मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात. कपडे बदलले की आकडे किंचित हलतात. आपण असतो तर 'चालतंय की' म्हणालो असतो. त्यानं आधीची हजारो मोजमापं बाद केली आणि पुढे प्रयोगाला दर वेळी तेच कपडे घातले.

१८९८ मध्ये बॉस्टनच्या नव्या सिम्फनी हॉलसाठी सल्ला द्यायची वेळ आली. हातात आकड्यांचा ढीग होता, पण नियम सापडत नव्हता, म्हणून त्यानं आधी मुदत मागितली. ऑक्टोबरअखेर एका संध्याकाळी ते कोडं सुटलं आणि ही बातमी पहिल्यांदा कळली त्याच्या आईला. नियम साधा आहे: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका लवकर विरतो. मापाचं एककही मस्त, एक चौरस मीटर उघडी खिडकी! कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. १९०० मध्ये तो हॉल सुरू झाला. सुरुवातीला काही समीक्षकांनी नाकं मुरडली, पण आज तो जगातल्या सर्वोत्तम हॉलमध्ये गणला जातो.

पुढच्या प्रयोगांत सॅबिनला दिसलं, की एकच वस्तू सगळे सूर सारखे शोषत नाही आणि एकाच खोलीत एका जागी आवाज मोठा, तर दुसऱ्या जागी बारीक असतो. त्यानं याचे चक्क नकाशे काढले. तुमच्या बेसची गोम इथंच आहे. ४० हर्ट्झच्या सुराची एक लहर सुमारे साडेआठ मीटर लांब, म्हणजे खोलीपेक्षाही मोठी. पातळ पडदा तिला काय अडवणार? समोरासमोरच्या भिंतींत बारा फुटांचं अंतर असेल, तर साधारण ४७ हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये घुमत राहतो. भिंतींजवळ तो फुगतो, मधोमध गायब होतो. कोपऱ्यात तर सगळ्यात जास्त फुगतो.

पहिल्या महायुद्धात सॅबिननं तब्येत साथ देत नसतानाही स्वतःला कामात झोकून दिलं. १० जानेवारी १९१९ रोजी, अवघ्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. आवाज शोषण्याच्या एककाला आज त्याच्या नावावरून 'सॅबिन' म्हणतात.

आता तुमची पाळी. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं बेसवालं गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत ऐका. जिथं बेस घुमत नाही आणि हरवतही नाही, तिथं खूण करा. सबवूफर तिथं न्या आणि आपल्या जागेवर बसून पुन्हा ऐका. साधा स्पीकर असेल तर तो कोपऱ्यातून थोडा थोडा पुढे घ्या आणि दर वेळी जागा वहीत लिहा. घरचे हसतील, हसू देत. नवा स्पीकर घेण्याआधी एक रात्र एवढं करून बघा, खर्च शून्य आहे.