जॉर्ज ईस्टमन आणि मुलांचे दांत

छायाचित्रणाची कला घरोघरीं पोंचविणारे पुरुष म्हणून जॉर्ज ईस्टमन ह्यांचें नांव सर्वश्रुत आहे. परंतु आम्ही आज त्यांचें स्मरण करीत आहोंत तें मुलांच्या दांतांकरितां.

त्यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत झाला. १८६२ सालीं पित्याचें छत्र हरपलें. मातोश्रींनीं रॉचेस्टर शहरीं पोटभाडेकरू ठेवून प्रपंच चालविला. पोलिओनें पंगु झालेली बहीण १८७० सालीं निवर्तली. जॉर्जला कोवळ्या वयांतच शाळा सोडून एका विमाकचेरींत आठवड्यास ३ डॉलरांवर निरोप्याची चाकरी धरावी लागली. पुढें बँकेंत कारकुनी करीत असतां रात्रीं जागून त्यांनीं आईच्या स्वयंपाकघरांत छायाचित्रणाचे प्रयोग केले. १८८८ सालीं त्यांचा ‘कोडॅक’ कॅमेरा निघाला आणि लक्ष्मी प्रसन्न झाली.

ईस्टमन आजन्म अविवाहित राहिले. परंतु दाढ ठणकत असलेलें मूल धड जेवत नाहीं, झोंपत नाहीं, धड्यांत त्याचें चित्त लागत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. त्यांच्या देणगीनें १९१७ सालीं रॉचेस्टर येथें मुलांचा दंतदवाखाना उघडला. पुढें लंडन, रोम, ब्रुसेल्स, पॅरिस व स्टॉकहोम येथेंही त्यांच्या द्रव्यानें असे दवाखाने झाले. १९३२ सालीं ते वारले.

तथापि किडलेला दांत भरणें निराळें आणि तो किडूंच न देणें निराळें. ह्या दुसऱ्या कार्याचा पाया रॉचेस्टरच्या त्याच दवाखान्यांत घातला गेला. तेथील संशोधक मायकेल बुओनोकोर ह्यांनीं १९५५ सालीं दाखवून दिलें कीं, दांताच्या कवचास अर्धा मिनिट फॉस्फरिक आम्ल लावून धुतल्यास त्यावर सूक्ष्म छिद्रें पडतात व राळेसारखा पदार्थ तेथें घट्ट चिकटतो. दाढेच्या माथ्यावरील ज्या चिरांत ब्रशाचा केंस शिरत नाहीं, पण अन्नकण व जंतु शिरतात, त्या चिरा पुढें अशा लेपानें बुजवितां येऊं लागल्या. त्यास टोंचणें नाहीं, कोरणें नाहीं.

सहाव्या वर्षाच्या सुमारास मागें येणारी दाढ कायमची असते; पुष्कळ पालक ती दुधाची समजून तिची हेळसांड करतात. ती पुरती उगवतांच दंतवैद्यास दाखवून लेपाविषयीं विचारावें, अशी आमची पालकांस विनंती आहे. अर्थात् लेप दिला म्हणून दांत घांसणें सुटत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानीं ठेवावें.

ज्याचें स्वतःचें बाळपण कष्टांत गेलें, त्यानें परक्यांच्या मुलांचें बाळपण वेदनेवांचून जावें म्हणून धन वेंचलें. त्यानें लाविलेल्या झाडाचें हें फळ त्याच्या मागें आलें. तें चाखणें आपल्या हातीं आहे.