वीर कोतवालांची धान्यकोठी

१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आम्ही कर्जतला परततो. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, शेजारच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर वीर भाई कोतवालांना अभिवादन होते. आमचे बरेच बांधव तिकडे फिरकत नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला गरीब न्हावी कुटुंबात झाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या हजामती करायच्या, अशा घरातला हा मुलगा शिकला आणि त्याने कायद्याची पदवी घेतली. आम्हीही कायदा शिकलो. काळा कोट अंगावर चढताच वस्ती विसरणारे आम्ही पुष्कळ पाहिले. कोतवाल विसरले नाहीत. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, तरी त्यांची नजर डोंगराखालच्या ठाकूर, कातकरी आणि कुळांच्या झोपडीवरच राहिली.

त्या झोपडीत काय होते? पावसाळा लागला की कणगी रिकामी. सावकार भात द्यायचा, पण दिढी-दुपटीने. पीक खळ्यावर आले की आधी सावकाराचे माप. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. पोटाची ही गुलामगिरी! कोतवालांनी तिचे मूळ ओळखले आणि धान्यकोठ्या उभ्या केल्या. अडल्या वेळी कोठीतून भात न्यायचे, सुगीला परत करायचे. सावकाराच्या ओट्यावर जायची पाळीच येऊ द्यायची नाही. कोकणातल्या कुळांसाठीच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले होते. वाटा वेगळ्या, शत्रू एकच!

१९४२ साली कोतवालांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणारे मनोरे याच डोंगरांतून जात होते आणि खाली आदिवासींच्या झोपड्या अंधारात होत्या. दस्त्याने ते मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना घेरले. हिराजी पाटील आणि कोतवाल धारातीर्थी पडले. कोतवालांचे वय अवघे तीस.

मनोरे सर्वांना आठवतात, धान्यकोठी मात्र विस्मरणात गेली. हे धोक्याचे आहे. नुसती सत्ता उलथून भागत नाही, हे कॅरिबियन समुद्रातल्या हैतीने भोगले आहे. तेथील काळ्या गुलामांनी मालकांना हाकलून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मालकांच्या भरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. म्हणजे गुलामांनीच स्वतःची किंमत मोजायची! त्यापायी काढलेल्या कर्जाची फेड १९४७ पर्यंत चालली. खंगलेल्या त्या देशावर १९५७ ते १९८६ दुवालिए बाप-लेकांनी हुकूमशाही गाजवली आणि तिजोरी लुटली. बेडी तुटली, पण कर्जाचा दोर गळ्यात राहिला.

आपल्याकडे तो दोर तुटला काय? १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. तरीही कातकरी कुटुंब पावसाळ्यात उचल घेते आणि दिवाळीनंतर ती फेडायला लेकराबाळांसह वीटभट्टीवर जाते. पोर शाळेतून सुटते, हिशेब सुटत नाही. मत त्याचे, पण ते कोणाला द्यायचे हे उचल देणारा ठरवतो. मग कसली लोकशाही?

बांधवांनो, येत्या २ जानेवारीला सिद्धगडावर चला. फुले वाहून फोटो काढून परतू नका. पावसाळ्याआधी आपापल्या वस्तीत एक कोठी भरा आणि शेजारच्या कातकरवाडीलाही तिच्यात सामील करून घ्या. वीर कोतवालांना तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!