गादीखालची वायर आणि ज्यूलसाहेब

ज्यूलचा नियम मी बारावीला पाठ केला, फर्स्ट इयरला पेपरात लिहिला, त्याचे मार्कही घेतले. पण तो खरा कळला सेकंड इयरच्या थंडीत, होस्टेलच्या खोलीत.

आमच्याकडे एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्यावर पाणी तापवायचा एक रॉड चालायचा. दुसरा लावला की फ्यूज उडायचा. मी काय शहाणपणा केला, तर किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी जाड तांब्याची तार घातली. फ्यूज उडायचा थांबला. आठवड्याभराने गादीखालून वास आला. उरलेल्या वायरचं भेंडोळं तिथे कोंबलेलं होतं, त्याचं पी.व्ही.सी. वितळून गादी काळी पडली होती. रूममेट जागा होता म्हणून वाचलो. त्यानंतर मी या ज्यूलसाहेबांची माहिती काढून वाचली. मित्रांनो, ती तुम्हालाही सांगावीशी वाटते.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डला जन्मला. वडिलांचा बिअर बनवण्याचा मोठा कारखाना. मुलगा अशक्त, लाजाळू. त्यामुळे शिक्षण घरीच झालं. पण शिकवायला कोण, तर अणुवादाचा जनक जॉन डाल्टन! ज्यूल कुठल्याही विद्यापीठात गेला नाही, प्राध्यापकही झाला नाही. कारखाना सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात घरी प्रयोग करायचे, असा त्याचा क्रम.

सुरुवात अगदी धंद्याच्या हिशेबाने झाली. कारखान्यातल्या वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर परवडेल का, हे त्याला बघायचं होतं. उत्तर निराशाजनक आलं. तेव्हा वीज बॅटरीतून यायची आणि तिच्यातलं जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडत होतं. पण या खटाटोपात तारा का तापतात, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला.

१८४० साली त्याने तारेची गुंडाळी पाण्यात बुडवली, करंट सोडला आणि थर्मामीटरने पाणी किती तापलं ते मोजलं. वेगवेगळ्या तारा, वेगवेगळे करंट. निष्कर्ष निघाला की उष्णता रोधाच्या प्रमाणात वाढते आणि करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. त्याचं वय तेव्हा जेमतेम बावीस. रॉयल सोसायटीने निबंधाचा फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध १८४१ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात आला. पुढे रशियात लेंझनेही स्वतंत्रपणे हाच नियम मांडला.

आता माझ्या गादीकडे या. १५०० वॅटचा एक रॉड २३० व्होल्टला साधारण ६.५ अँपिअर घेतो. माझी वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, रोध दर मीटरला सुमारे २५ मिलिओहम. म्हणजे एका मीटरला साधारण १ वॅट उष्णता. दोन रॉड लावले की करंट दुप्पट, १३ अँपिअर. उष्णता मात्र चौपट, ४ वॅट. जाणारी आणि येणारी तार धरून ८ वॅट. दहा मीटरचं भेंडोळं म्हणजे ८० वॅटचा दिवा गादीखाली पेटवून ठेवल्यासारखं! वायरची क्षमता म्हणजे नुसती जाडी नव्हे. आत तयार झालेली उष्णता बाहेर जायला वाव आहे का, हेही बघावं लागतं. साध्या पी.व्ही.सी.ची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. भेंडोळं केलं, पाइपात जास्त वायरी कोंबल्या, किंवा हवाच गरम असली, की तीच वायर कमी करंट झेलते. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. मी वायरचा पहारेकरीच बदलला होता.

ज्यूलचं पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. काम आणि उष्णता यांचं नातं तो वर्षानुवर्षं मोजत राहिला, पण लोक फारसं लक्ष देत नव्हते. १८४७ च्या ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, त्याची दखल घेतली आणि चित्र पालटलं. १८५० मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य केलं. १८५४ मध्ये पत्नी अमेलिया वारली. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. प्रयोगांत पैसा संपला, तेव्हा १८७८ मध्ये सरकारने वर्षाला २०० पौंड पेन्शन दिली. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी तो गेला. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती फूट-पौंड काम लागतं, त्याचा. सगळं आयुष्य एका आकड्याच्या अचूकतेसाठी!

आणि आपण? आपण वायर घेताना दुकानदाराला सांगतो, कुठलीही द्या, स्वस्तातली. मीही तेच केलं होतं. आता वायर घेण्याआधी किती अँपिअर जाणार ते मांडून बघतो. एक्स्टेन्शनचं भेंडोळं पूर्ण उलगडतो. आणि किटकॅटमध्ये योग्य फ्यूज वायरच घालतो. होस्टेलवरच्या मित्रांनो, आज रात्री झोपण्याआधी एकदा आपल्या गादीखाली हात घालून बघा.