वेगाच्या शिल्पकाराचे खेळणे

मोटारशर्यतींच्या इतिहासात एत्तोरे बुगाटी यांचे नाव आदराने घेतले जाते. १५ सप्टेंबर १८८१ रोजी मिलान येथे, फर्निचर घडविणाऱ्या कलावंताच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०९ मध्ये त्यांनी तेव्हा जर्मनीत असलेल्या मोल्सहाइम येथे कारखाना उभारला. १९२४ मध्ये ल्यों येथील शर्यतीत उतरलेल्या ‘टाइप ३५’ने पुढे अनेक विजय मिळविले.

याच मोटारीची निम्म्या आकाराची प्रतिकृती त्यांनी धाकटा मुलगा रोलां याच्यासाठी बनविली. घोड्याच्या नालाच्या आकाराचा रेडिएटर मूळ मोटारीसारखाच होता. इंजिनाऐवजी बॅटरीवर चालणारी विजेची मोटर होती. तिला मागणी आल्याने १९२७ पासून ती विक्रीसाठीही बनू लागली.

थोरला मुलगा जां कारखान्याचा वारस मानला जात होता. ११ ऑगस्ट १९३९ रोजी, त्याच वर्षी ल मान्स जिंकलेल्या मोटारीची चाचणी घेताना वयाच्या ३० व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पाठोपाठ महायुद्ध आले. २१ ऑगस्ट १९४७ रोजी एत्तोरे पॅरिसमध्ये निवर्तले. कारखान्याला पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही. पित्याने हौसेने घडविलेली ती छोटी मोटार मात्र संग्राहकांनी आजही जिवापाड जपली आहे.