गोलरक्षक थंगराज

आमच्या वाशीमकडे खेळ म्हटला की कबड्डी, खो-खो, नाही तर क्रिकेट. फुटबॉलचा संघ कसाबसा अकरा जणांचा भरतो. त्यात मला गोलमध्ये उभे केले, कारण मी उंच आणि पळण्यात मंद. ही जागा म्हणजे शिक्षाच, असे मला वाटे. त्याच दिवसांत पीटर थंगराज यांची हकिकत वाचनात आली.

थंगराज यांचा जन्म १९३५ साली हैदराबादेत झाला. पुढे ते सैन्यात गेले आणि मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघात आले, तेही सेंटर फॉरवर्ड म्हणून! गोल करणारा हा उंचापुरा जवान तेथेच गोल अडवू लागला. या संघाने १९५५ व १९५८ साली ड्युरँड करंडक जिंकला. मेलबर्न (१९५६) आणि रोम (१९६०) या दोन्ही ऑलिंपिकच्या भारतीय संघांत ते होते. रोमला आपण फ्रान्सला १-१ असे रोखले होते, हे आज कुणाला खरेही वाटणार नाही.

पण मला राहून राहून आठवतो तो १९६२ चा जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. इस्राएल व तैवानच्या खेळाडूंना यजमानांनी प्रवेश नाकारला होता. त्याला भारताच्या सोंधींनी हरकत घेतल्यामुळे तिथले लोक आपल्यावर खवळले होते. सुमारे एक लाख प्रेक्षक, आणि सगळे विरुद्ध! समोर दक्षिण कोरिया. साखळीत त्यांच्याकडून आपण ०-२ असे हरलेलो. जर्नेलसिंगांच्या डोक्याला टाके, थंगराज तापाने बेजार. तरीही प्रशिक्षक रहीमसाहेबांनी दोघांनाही उतरवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले. उरलेला सगळा वेळ ते राखायचे होते! कोरियाला अगदी शेवटी एकच गोल करता आला आणि सुवर्णपदक आपले झाले. गोल करणाऱ्यांची नावे सगळ्यांना पाठ असतात; अडवणाऱ्याचे नाव विचारावे लागते.

कलकत्त्यात महमेडन स्पोर्टिंग, मोहन बागान, ईस्ट बंगाल अशा तिन्ही मोठ्या संघांकडून ते खेळले. १९६७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७१ मध्ये त्यांनी खेळ सोडला, मैदान मात्र सोडले नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी आपल्यासारख्याच कॉलेजच्या मुलांना शिकवले, गोव्यातही प्रशिक्षण दिले. कलकत्त्याची मैदाने गाजवलेल्या माणसाने विद्यापीठाच्या पोरांना चेंडू कसा धरावा इथपासून सांगत बसावे, हे मला जाकार्ताइतकेच मोठे वाटते. २००८ च्या नोव्हेंबरात बोकारो येथे त्यांचे निधन झाले.

यंदा अमरावतीच्या सामन्यात मी तीन गोल खाल्ले. परतताना गाडीत कुणी बोलले नाही. पुढच्या वर्षी जागा बदलून मागणार होतो, ते आता मागणार नाही.